पुण्यात पानं लाल होत नाहीत, मग शरद ओळखायचा कशावरून?

सप्टेंबर सरत आला की हा प्रश्न हमखास येतो. टेकडीवर रोज भेटणारे विचारतात, सोसायटीतली मुलं विचारतात. बॉस्टनजवळ राहणारी भाची तिकडच्या लालभडक मेपलचे फोटो पाठवते आणि खाली लिहिते, "मावशी, आपल्याकडे असं काही होतं का गं? की पाऊस गेला की डायरेक्ट स्वेटर?" ज्याला-त्याला तेवढ्यापुरतं उत्तर देते, पण ते अर्धवटच राहतं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून यंदा नीट बैजवार लिहिते.

होतं, पुष्कळ काही होतं. फक्त ते झाडांच्या शेंड्यांकडे बघून कळत नाही.

आधी पानांचंच सांगते, कारण गोंधळ तिथेच होतो. थंड मुलखात दिवस भराभर लहान होतात, पुढे जमिनीतलं पाणी गोठणार असतं, म्हणून झाडं आधीच आवराआवर करतात. पानातलं कामाचं ते परत ओढून घेतात, हरितद्रव्य मोडतं आणि पिवळे-लाल रंग दिसायला लागतात. पुण्यात सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. त्यात ऑक्टोबरात जमीन चार महिन्यांचं पाणी पिऊन बसलेली असते. अशा वेळी झाडाने पानं टाकायचीच कशाला? आपली खरी पानगळ ओल आटल्यावर, जानेवारीपासून मार्चपर्यंत. टेकडीवरचा शेमट तेवढा घाईचा, दिवाळी होऊन गेली की उघडा पडायला लागतो. त्याला मोई असंही म्हणतात. काटेसावर, सालई, पांगारा ही मंडळी त्याच्या मागून. आणि लाल पानंच पाहायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळशी-ताम्हिणीकडे जाऊन कुसुंब बघा. अख्खं झाड पेटल्यासारखं दिसतं, पण ती गळायला आलेली पानं नव्हेत, नुकती फुटलेली पालवी असते.

म्हणजे थंड देशात ऋतू फिरतो तो उजेडावर आणि थंडीवर, आणि आपल्याकडे पाण्यावर. हे एकदा डोक्यात बसलं की आश्विन-कार्तिकात कुठे बघायचं ते आपोआप कळतं. पाणी संपायच्या आत ज्यांना ज्यांना काम उरकायचंय त्यांच्याकडे बघायचं.

त्यात पहिलं गवत. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईच्या मागच्या उतारांवर ऑगस्टात जे नुसतं हिरवं दिसतं, त्यात नवरात्राच्या सुमारास तांबूस झाक येते आणि मग आठ-पंधरा दिवसांत सगळा उतार सोनेरी होतो. मारवेल, पवन्या, कुसळी ही त्यातली मुख्य गवतं. माझं सर्वांत आवडतं कुसळी. लोक तिच्यावर चिडतात, कारण टेकडीवरून घरी आलं की मोज्यांत आणि पायजम्याच्या कडेत तिची कुसळं रुतून बसलेली असतात. चिडण्याआधी त्यातलं एक कुसळ अख्खं, न मोडता काढून बघा. खाली सुईसारखं टोकदार बी. त्यावर आखूड, ताठ केस, सगळे उलट्या दिशेने वळलेले, म्हणून ते आत जातं पण बाहेर निघत नाही. बीच्या डोक्यावर लांब काळपट तुरा, पीळ भरलेला. तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि जरा थांबा. तुरा फिरायला लागतो. ओला झाला की पीळ सुटतो, सुकला की पुन्हा भरतो. पहाटे दव, दुपारी ऊन, पुन्हा दव. असं फिरत फिरत ते बी स्वतःला मातीत खाली खाली नेतं. तिथे ते उन्हाळ्यातल्या वणव्यांपासून बऱ्यापैकी सुरक्षित असतं आणि जूनमध्ये पहिल्या पावसाला रुजतं. तुमचा मोजा त्याला माती वाटला, एवढंच.

मला विचाराल तर पुण्याचा शरद पाहायचा असेल त्याने आधी हा पाण्याचा थेंब टाकून बघावा. बाकी सगळं नंतर.

दुसरे, घाईत असलेले पाहुणे. चातक जूनमध्ये मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येतो, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या जाण्याकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं. चातकाची मादी अंडी घालते सातभाईंच्या घरट्यात. सप्टेंबरात टेकडीवर सातभाईंचा थवा कलकल करत जमिनीवर पालापाचोळा उलटत असतो, आणि मध्येच बाभळीच्या फांदीवर एक वेगळंच पिल्लू बसलेलं दिसतं. अंगाने मळकट तपकिरी, शेपूट लांब, डोक्यावर नुकता फुटलेला तुरा. पंख थरथरवत सारखं खायला मागतं आणि सातभाई बिचारे अळ्या आणून भरवतात. थोड्या दिवसांनी तिथे गेलं तर सातभाई असतात, पिल्लू नसतं. पोसणाऱ्यांनी टेकडी कधी सोडलेली नाही, जन्मदाते बहुधा आधीच निघून गेलेले. वाट दाखवायला कोणी नसताना ते पिल्लू आफ्रिकेच्या दिशेने निघतं. इतकी वर्षं बघतेय, तरी मला ही गोष्ट साधी वाटत नाही.

तिसरे चतुर, ते लांबट पारदर्शक पंखांचे किडे. ऑक्टोबरच्या दुपारी मोकळ्या मैदानावर, अगदी पार्किंगच्या जागेवरसुद्धा, डोक्याच्या वर हातभर अंतरावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. कुठे टेकत नाहीत, नुसते तरंगत असतात. हे भटके चतुर. पावसाच्या डबक्यात यांची पिल्लं फार लवकर वाढतात, कारण डबकं आटायच्या आत पंख फुटायला हवेत. आणि पंख फुटल्यावर जातात कुठे? मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला होता की जिथे गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीतच, त्या बेटांवर दर ऑक्टोबरात एवढे चतुर येतात कुठून. नोंदी ठेवून २००९ मध्ये त्यांनी मांडलं की ते भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन येतात आणि तसेच पुढे पूर्व आफ्रिकेकडे जातात. कीटक खाणारे कित्येक पक्षीही त्याच सुमारास तोच समुद्र ओलांडतात, हेही त्यांनी दाखवून दिलं. त्यातला एक अमूर ससाणा. सैबेरिया आणि चीनच्या बाजूने निघून दक्षिण आफ्रिकेकडे जाताना नोव्हेंबर-डिसेंबरात तो लोणावळ्याच्या परिसरातही दिसतो. पार्किंगमधला चतुर आणि तो ससाणा यांचा प्रवास मनात एकत्र जोडून बघा, मग दुपारची ती घरघर वेगळी ऐकू येते.

आता उलट्या बाजूचे, म्हणजे आपल्याकडे येणारे. यांत पहिला मान करड्या धोब्याचा. गणपतीच्या आगेमागे रामनदीच्या काठी, एखाद्या ओढ्यावर, कधी गच्चीवरच्या गळक्या टाकीपाशीसुद्धा तो दिसतो. शेपटी एकसारखी खालीवर, शेपटीखाली लिंबासारखा पिवळा. हिमालयातून आणि त्याहूनही लांबून आलेला असतो. काळा-पांढरा मोठा धोबी मात्र आपल्याकडे बाराही महिने असतो, त्याच्यावरून ऋतू ठरवू नका. मग तारांवर ओळीने माळभिंगऱ्या, संध्याकाळी गुलाबी भोरड्यांचे थवे, बांधकामाच्या विटांवर शेपूट थरथरवणारा कृष्ण थिरथिरा, आणि झुडपात न दिसता नुसते टक-टक बोलणारे वटवटे. मुळा-मुठेच्या काठी कवडी गावाला चक्रवाक उतरले की समजायचं, आता थंडी लांब नाही.

इथले आणि बाहेरून येणारे, या दोन गटांचा हिशेब वेगवेगळा असतो, हे मला २०१९ ने शिकवलं. त्या वर्षी देशातून मान्सूनची माघारच ९ ऑक्टोबरला सुरू झाली, तोवरच्या नोंदींतली ती सर्वांत उशिराची. पुण्यात पाऊस पडतच राहिला. दिवाळीला टेकडी हिरवीगार, कुसळीला पीळच भरलेला नाही, डबकी भरलेली. धोबी मात्र आपल्या वेळेवर हजर होते. ते निघतात उत्तरेतला दिवस लहान होताना बघून, पुण्यात पाऊस थांबलाय की नाही याची त्यांना खबर नसते. इथले सगळे ओलीवर चालतात, येणारे उजेडावर. एरवी दोघांची गाठ ऑक्टोबरात बरोबर पडते, म्हणून तो महिना इतका भरलेला वाटतो. ती गाठ चुकायला लागली तर काय, याची मला खरंच काळजी वाटते. मातीतली ओल लांबली की गवताचं बी उशिरा पिकतं, आणि त्यावर पोट असलेल्या मुनिया आणि सुगरणींचं वेळापत्रकही त्याबरोबर सरकतं.

टेकडीवर जाणं जमत नसेल तर नाकावर भिस्त ठेवा. रात्री दहानंतर गल्लीत सातविणीचा वास आला की ऑक्टोबर लागला. काहींचं त्याने डोकं चढतं, मला तो हवासा वाटतो. त्याच्या मागोमाग बूच. जुन्या वसाहतींतून सकाळी चाललात तर रस्त्यावर लांब दांड्यांची पांढरी फुलं पसरलेली असतात. सुई-दोरा न घेता, दांडीत दांडी गुंफून त्यांची वेणी होते, घरातल्या आजीला विचारा, तिला येत असेल. दसऱ्याला आपटा म्हणून जे विकत मिळतं ते बहुतेक कांचन असतं. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद. दोन्ही झाडं जागेवर उभी राहू द्या, ओरबाडू नका.

एक मात्र कळकळीने सांगायचंय. टेकडी उघडी-बोडकी दिसते म्हणून तिच्यावर सरसकट झाडं लावण्याची हौस पुण्यात फार आहे. हेतू चांगला असतो, लोक उन्हात कॅन भरभरून पाणी नेतात, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण जिथे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची दाट लागवड झाली तिथे खाली जाऊन बघा. कुसळी नाही, पवन्या नाही, म्हणून मुनिया नाहीत, आणि जमिनीवर घरटं करणारे चंडोलही नाहीत. ती माळाची जागा होती आणि तिचं सौंदर्य गवताचं होतं. जिथे मुळात रान होतं तिथे देशी झाडं जरूर लावा. गवताळ उतार मात्र गवताचाच राहू द्या.

जायचं तर दसरा ते दिवाळी, सकाळी सातच्या आत, पायवाट न सोडता. लोकरी मोजे घालू नका. आणि दिवाळीनंतर गवत वाळलं की कोणीतरी काडी लावतंच, तेव्हा उतारावर धूर दिसला तर फोटो काढत बसू नका, आधी १०१ ला फोन करा.