तुम्ही विचारलंत म्हणून: कॅथीची बाजू का घेते?

"त्या सारख्या 'ॲक!' करून किंचाळणाऱ्या बाईत तुम्हाला एवढं काय दिसतं?" कॉमिक स्ट्रिप्सचा विषय निघाला की हे कुणीतरी विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

'कॅथी' ही कॅथी गाइसवाइट या अमेरिकन चित्रकर्तीची स्ट्रिप. १९७६ ते २०१०, चौतीस वर्षं चालली. भरात असताना सुमारे १,४०० वर्तमानपत्रांत यायची. एकटी राहणारी, नोकरी करणारी बाई आणि तिला छळणाऱ्या चार गोष्टी: खाणं, प्रेम, आई आणि काम.

तिच्यावरचा आक्षेप मला माहीत आहे. वजन, कपडे, फोनची वाट बघणं, हे दाखवून बायकांना दुबळं ठरवलं, असं म्हणतात. पण ही स्ट्रिप जन्मली कशी ते बघा. गाइसवाइट जाहिरात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि रात्री कुणाच्या तरी फोनसाठी ताटकळत बसायची. त्या अवस्थेची चित्रं काढून तिने आईला पाठवली आणि आईनेच ती छापायला द्यायचा आग्रह धरला. दिवसा कर्तबगार आणि रात्री हताश, अशी बाई एकच असू शकते, हे कबूल करणारं वर्तमानपत्राच्या कॉमिक्सच्या पानावर दुसरं कोण होतं? कात्रणं फ्रिजवर लावणाऱ्या बायकांना ते लगेच कळलं. ट्रायल रूममध्ये स्विमसूटशी झगडणारी कॅथी बघून त्या तिच्या शरीराला हसत नव्हत्या. असा स्विमसूट शिवणाऱ्यांना हसत होत्या. निदान मी तरी तशीच हसले.

पुढे 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या अमेरिकन विनोदी टीव्ही कार्यक्रमात एक नट कॅथी बनून किंचाळला आणि अनेकांना तेवढीच कॅथी माहीत झाली. तिची मैत्रीण अँड्रिया कुणालाच आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बाळंतपणानंतर नोकरी गमावलेली ही अँड्रिया १९८८च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत उघडपणे डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिस यांच्या बाजूने बोलू लागली, तेव्हा काही संपादकांनी त्या स्ट्रिप्स छापल्याच नाहीत. बायकांना दुबळं ठरवणाऱ्या स्ट्रिपला कुणी असं घाबरतं का?

२००५ मध्ये कॅथीने तिच्या जुन्या प्रियकराशी, अर्विंगशी, लग्न केलं, ते मात्र मला आजही पटत नाही. त्याआधीची जवळजवळ तीन दशकं ती एकटी घरी येत होती, आणि मी वाचत होते ते त्यासाठीच.