पाणी विचारलं नाही

काल दुपारी पाण्याची बाटली संपली आणि तिच्यावरचं बारीक अक्षर वाचत बसलो. वापरून झाल्यावर बाटली चुरगळून टाका. आईला घेऊन भाच्याकडं जर्मनीत म्युनिकला गेलो होतो, तिथं नेमकं हेच चालत नाही. तिथल्या दुकानातलं रिकाम्या बाटल्या परत घेणारं यंत्र बाटली गोल फिरवून तिच्यावरच्या रेघा वाचतं आणि आधी भरलेल्या अनामतीची २५ सेंटची पावती देतं. आईनं मात्र सगळ्या बाटल्या धुण्याचा पिळा काढावा तशा पिळून पिशवीत भरल्या होत्या. यंत्र एकेक परत ओकत होतं. मागं रांग, पण कुणी चकार शब्द काढेना. आपल्याकडं एव्हाना चार सल्ले तरी मिळाले असते. शेवटी आईनं बाटली तोंडाला लावून फुंक मारली. टम्म फुगली. यंत्रानं मुकाट्यानं घेतली.

हॉटेलात बसलं तर पाणी आपणहून येतच नाही. मागवावं लागतं, पैसे पडतात आणि नीट सांगितलं नाही तर बुडबुड्यांचं येतं. ‘माय, पाणी बी इचारंनात का हे?’ आईचा आवाज जरा मोठाच लागला होता. बाटली आल्यावर तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि एकदम हसली. हा तर सिद्धेश्वराच्या यात्रेतला सोडा! तिनं मीठदाणी ग्लासात झटकली, फेस उसळला आणि पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर उतरला. वेटर धावत आला. आईनं त्याला मराठीत लिंबू मागितलं. त्यानं आणून दिलं, हे विशेष.

भाचा म्हणाला, इथं नळाचंच पाणी पी की, आल्प्सच्या पायथ्याशी मांगफालचं खोरं आहे, तिथून येतं. आईनं एवढंच विचारलं, ‘रोज येतंय?’

लातूरकराला दुसरं काय सुचणार? औशाला आजोळी ओसरीत रांजण असायचा. दारात कुणीही आलं की आजी आधी गूळ-पाणी पुढं करायची, कोण, कुठला, हे मागाहून. आणि मग २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं, टाक्यांभोवती जमावबंदी, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. गाडीचे फोटो सगळीकडं छापून आले. मला आठवतात ते घरी येणारे पाहुणे. उन्हातून घामाघूम होऊन यायचे आणि चप्पल काढता काढताच सांगायचे, ‘पाणी नको हां, आत्ताच पिऊन आलोय.’ कुणीच पिऊन आलेलं नसायचं. आई तरीही पेला पुढं करायची आणि ते तो ओठाला लावून परत ठेवायचे.

म्युनिकच्या वेटरचा यात काही दोष नाही, असं मी तिला सांगून पाहिलं. पटलेलं नाही. भाच्यानं पुन्हा बोलावलंय, तर म्हणते, येईन, पण हॉटेलात जेवणार नाही.