पिकअपचा पिकअप

पिकअप घेतल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा नगरच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे भाजीचा धंदा सुरू करणारेस का?" त्यांच्या डोळ्यांसमोर पहाटे मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या घेऊन उभी असलेली बोलेरो. इथे इंडियानात शाळामास्तरांपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत कोणीही पिकअप चालवतं, आणि बऱ्याच जणांच्या हौद्यात वर्षातून दोनदा काही पडलं तर पडतं, हे त्यांना पटवता पटवता कार्डातले पैसे संपले असते; व्हॉट्सॲप होतं म्हणून बरं.

आमची गाडी १९९४ ची फोर्ड एफ-१५०. आठ फुटी हौदा, पुढे बाकड्यासारखी एकच लांब सीट, पेट्रोलच्या दोन टाक्या आणि एकीवरून दुसरीवर जायला डॅशबोर्डवर एक बटण. इंजिन ४.९ लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत. इथली मंडळी त्याला घनइंचांच्या हिशोबाने 'थ्री हंड्रेड' म्हणतात. १९६५ ते १९९६ अशी तीस वर्षं फोर्डने हे इंजिन बनवलं. पळायला मंद, पण ओझं ओढायला बैल.

आता यातली गंमत. मी राहतो कोलंबसला. ओहायोतलं मोठं नव्हे, इंडियानातलं छोटं. पुण्याच्या इंजिनवाल्यांना हे गाव सांगावं लागत नाही, कमिन्सचं मुख्यालय इथेच आहे. कोथरूडच्या कारखान्यातून इथे आलो त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि सगळी नोकरी डिझेलमध्ये गेली. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापवायची, की डिझेल फवारताच आपसूक पेट घेतं. त्यामुळे ठिणगी पाडणाऱ्या इंजिनाचं माझं ज्ञान म्हणजे कॉलेजचा एक पेपर आणि काकांची चेतक. चेतकचा प्लग काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, फुंकर घालायची, परत बसवायचा. तो मायकोचा एक प्लग मी पाचवीत असल्यापासून दहावीपर्यंत टिकला असावा.

ऑक्टोबरात गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे मधूनच एखादा सिलिंडर पेटेना. तीही रोज नाही. कोरडं ऊन असलं की ठणठणीत. दव पडलेल्या सकाळी किंवा पावसात मात्र सिग्नलला उभी असताना अंग थरथरायची, आणि चढावर दाबली की हिसके. पिकअपला पिकअप म्हणून राहिला नाही. हे वाक्य मी इथल्या सहकाऱ्यांना सांगून पाहिलं, कोणी हसलं नाही. गाडीच्या दमालाही आपण 'पिकअप' म्हणतो, हे त्यांना कुठून कळणार!

दमट हवेत बिघडते आणि उन्हात सुधारते, म्हणजे वीज कुठेतरी वाट सोडून पळतेय, हा शेजारच्या आजोबांचा अंदाज. ते निवृत्त मेकॅनिक. त्यांनी सांगितलेली परीक्षा अशी: रात्री अंधारात गाडी चालू ठेवायची, बॉनेट उघडायचं, आणि कुंड्यांवर मारायच्या फवाऱ्याने प्लगच्या तारांवर पाण्याचा हलका शिडकावा करायचा. हात लांब ठेवायचा. बायकोने फवारा मारला आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. सिलिंडरांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून निघालेल्या तारांवरून निळ्या मुंग्या धावत होत्या. एका ठिकाणी तर तारेतून सरळ इंजिनाच्या लोखंडावर चटचट उडी. "दिवाळी आधीच आली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्लग काढले. पाच प्लग दुधाच्या चहासारखे फिक्या तपकिरी रंगाचे. पाचव्या सिलिंडरचा काळाकुट्ट, ओला, पेट्रोलचा वास मारणारा. त्याच्या तारेला मल्टीमीटर लावला तर आतून तुटलेलीच. आणि सगळ्यांच्या टोकांमधली फट झिजून दीड मिलिमीटरवर गेलेली. बॉनेटखालच्या स्टिकरवर ती .०४४ इंच, म्हणजे साधारण १.१ मिलिमीटर, असायला सांगितली आहे.

काय काय बदलायचं, याचं उत्तर मला इथे अर्धं मिळालं. फट वाढली की ठिणगीला तेवढी मोठी उडी मारायला लागते, म्हणून बॅटरीच्या विजेचं व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलला ते आणखी चढवावं लागतं. चढलेलं व्होल्टेज मग तारेचं जिथे रबर म्हातारं झालंय तिथून बाहेर पडतं. म्हणजे तार फुटली तारेच्या चुकीने, पण तिला फोडायला लावलं प्लगने. एकटा प्लग बदलून किंवा एकटी तार बदलून भागणार नव्हतं. आणि टाळाटाळ करण्यातही अर्थ नव्हता, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो महागडा डबा भाजून काढतं.

मग दुकान. आपल्याकडे दुकानदाराला जुना पार्ट दाखवला की तो फळीवरून तसाच नवा काढून देतो. इथे काउंटरपलीकडचा मुलगा कॉम्प्युटरवरून मान वर न करता विचारतो: साल? कंपनी? मॉडेल? इंजिन? माझ्या सालात या गाडीत ४.९, ५.० आणि ५.८ अशी इंजिनं येत. विन नंबरातलं, म्हणजे चॅसी नंबरातलं, आठवं अक्षर वाय असेल तर ४.९. हे पाठ करून ठेवा, म्हणजे 'व्ही-एट का?' (म्हणजे आठ सिलिंडरचं) या प्रश्नाला शरमायची पाळी येत नाही.

यानंतर यादी उघडली. प्लग: साधे, प्लॅटिनम, डबल प्लॅटिनम, इरिडियम, आणि एक चार टोकांचा, जो दिसायला कमळासारखा. 'साधा' म्हणजे इथे ज्याला 'कॉपर' म्हणतात तो. नाव फसवं आहे. तांबं आतल्या गाभ्यात असतं, उष्णता बाहेर काढायला. टोक असतं निकेलच्या मिश्रधातूचं. निकेल लवकर झिजतं, प्लॅटिनम-इरिडियम दुप्पट-तिप्पट टिकतात. मुलगा अर्थातच इरिडियमच्या बाजूने. तो खोटं बोलत नव्हता. बारीक टोकामुळे ठिणगीला कमी व्होल्टेज पुरतं, हेही खरं. पण ज्या इंजिनात प्लग बदलायला वरचं अर्धं इंजिन उतरवावं लागतं, तिथे लाखभर मैल टिकणारा प्लग घ्यावा. माझ्या गाडीत बॉनेटखाली माणूस उभा राहील एवढी जागा आहे. शिवाय इरिडियम टिकेल, पण डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर आणि तारा त्याच्या आधीच मान टाकणार, म्हणजे बॉनेट उघडायचंच आहे. फोर्डने ज्या प्रकारचा दिला होता तोच साधा प्लग घेतला, तीन-तीन डॉलरचे सहा. कमळ ठेवून दिलं.

वाचवलेले पैसे मी कॅपवर उधळले, आणि याबद्दल मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. कॅपच्या आत सहा खुंट्या असतात. मध्ये रोटर फिरतो आणि प्रत्येक खुंटीला ठिणगी देत जातो. स्वस्त कॅपमध्ये खुंट्या ॲल्युमिनियमच्या. त्यांच्यावर पांढरी भुकटी साठते, आणि भुकटी म्हणजे वाटेत आणखी एक अडसर. पितळी खुंट्यांची कॅप जवळजवळ दुप्पट किमतीची. माझ्या जुन्या कॅपमधली पांढरी पूड बोटाला लागत होती, त्यामुळे फार विचार केला नाही. रोटरही त्याच बनावटीचा घेतला.

तारांचा मामला मात्र रंगांमुळे चिघळतो. लाल, पिवळ्या, 'रेसिंग'वाल्या जाड तारा भिंतीवर टांगलेल्या असतात. त्यात एक मेख आहे. काहींचा गाभा नुसत्या धातूचा असतो, वीज त्यातून सुसाट जाते, पण रेडिओत खरखर येते आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही त्याचा त्रास होऊ शकतो. आमच्या १९९४ च्या गाडीत कॉम्प्युटर आहे, भले तो ठोकळा असो. म्हणून रेझिस्टन्सवाल्या (गाभ्यात विजेला थोडा अडथळा ठेवलेल्या), गाडीच्या मापाने कापून आलेल्या, काळ्या तारा. कापून घ्यायचा सेट स्वस्त होता; पण टोकाला क्लिप दाबताना माझा हात चुकणार हे मला ठाऊक होतं.

कॉइल आणि तिला चालू-बंद करणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घ्यायचा आग्रह झाला. दोन्ही चालू होती, घेतली नाहीत. एक सांगून ठेवतो: फोर्डच्या या टीएफआय नावाच्या मॉड्यूलचे करडा आणि काळा असे दोन रंग आहेत. आकार सारखाच, पण करड्याच्या जागी काळा चालत नाही. घ्यायचा झालाच, तर गाडीवर आहे त्याच रंगाचा.

बसवताना शहाणा माणूस एक तार काढतो, एक लावतो. मी सहाही काढल्या. कारण फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, मला झोपेत विचारा: १-५-३-६-२-४. कमिन्सच्या ५.९ लिटरच्या डिझेलचीही हीच, त्यामुळे नोकरीच्या पहिल्या वर्षापासून तोंडपाठ. आठवणीने प्रत्येक प्लगची फट मोजली (खोक्यावर 'तयार फट' लिहिलेलं असलं तरी दोन चुकीच्या निघाल्या), रबरी टोप्यांच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट फिरवलं, पाढा म्हणत तारा लावल्या आणि किल्ली फिरवली.

फट्ट! हवेच्या फिल्टरकडून असा आवाज आला, की शेजारचे आजोबा कॉफीचा कप घेऊन कुंपणापाशी हजर.

त्यांनी तारा बघितल्या, काही बोलले नाहीत, आणि हवेत तर्जनीने घड्याळासारखं वर्तुळ काढलं. डिझेलला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर नसतो, त्यामुळे रोटर कोणत्या बाजूने फिरतो हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो फिरतो घड्याळाच्या दिशेने. मी पाढा उलट्या बाजूने लावला होता. गंमत बघा, उलटं मोजलं तर १ आणि ६ आपापल्या जागीच येतात, बाकी चार चुकतात. म्हणून इंजिन अगदीच गप्प न बसता खोकत होतं.

तारा फिरवून लावल्या. दुसऱ्या किल्लीला इंजिन लागलं आणि असं सपाट चालू लागलं, की बॉनेटवर ठेवलेल्या पान्याचा आवाज येईना. डिस्ट्रिब्युटर जागचा हलवला नव्हता, तरी आजोबांनी टायमिंग लाइट (ठिणगी नेमकी केव्हा पडते ते दाखवणारा दिवा) आणला, कॉम्प्युटरने मध्ये लुडबुड करू नये म्हणून स्पाउट नावाची बारकी जोडणी काढली आणि खात्री केली: पिस्टन वर पोचायच्या १० अंश आधी, स्टिकरवर आहे तेवढंच. त्या रात्री पुन्हा फवारा मारला. काळोख. बायको थोडी नाराज झाली.

रविवारी काकांना व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. त्यांना नव्या प्लगांत रस नव्हता.

"जुने फेकलेस का?"

"नाही काका, ठेवलेत."

"दाखव."

एकेक प्लग कॅमेऱ्यासमोर धरला. ते चष्मा वर-खाली करत बघत होते. "इंजिन चांगलंय रे तुझं. हे पाच पॉलिश पेपर मार, फट ठोकून कमी कर, गाडीत ठेव. अडीनडीला लागतात."

"आणि हा काळा?"

"त्याचं काय चुकलं? त्याला ठिणगीच पोचत नव्हती. त्यालाही पुसून ठेव."

सहाही ग्लोव्ह बॉक्समध्ये आहेत, जुन्या मोज्यात गुंडाळून.