काळी कॅसेट

ठाण्याच्या नौपाड्यात माझं जुन्या गेमिंग मशीनच्या दुरुस्तीचं आणि खरेदी-विक्रीचं दुकान आहे. इमारती पुनर्विकासाला गेल्या की लोक घरं रिकामी करतात आणि माझ्याकडे पिशव्या यायला लागतात. या वर्षी वर्तकनगरच्या एका काकू अशीच पिशवी घेऊन आल्या. "मुलाचं आहे, तो पुण्याला असतो. भंगारवाला सगळ्याचे शंभर म्हणाला, म्हटलं आधी तुम्हाला दाखवावं."

आत निन्टेंडो डीएस हे हातात धरून खेळायचं गेमिंग मशीन, चार्जर, करड्या रंगाच्या दोन-तीन कॅसेट आणि एक काळी. लेबल पोकेमॉन हार्टगोल्डचं. या गेमचे नकली माल इतके फिरतात की मी आधी आनंद होऊ देत नाही. मोबाईलचा टॉर्च लावून कॅसेट त्याच्यासमोर धरली. प्लास्टिक गडद लाल दिसलं, आतली पट्टी पुसटशी कळली. लेबलवरच्या कोडमध्ये 'एनटीआर' नंतरचं पहिलं अक्षर 'आय'. अस्सल! या कॅसेटच्या पोटातच इन्फ्रारेड, म्हणजे न दिसणाऱ्या प्रकाशाने दुसऱ्या यंत्राशी बोलायची सोय असते, म्हणून तिचं प्लास्टिक असं. नकली कॅसेट बहुतेक साधी करडी आणि ठार अपारदर्शक निघते.

"काकू, याच्याबरोबर एक गोल यंत्र होतं का? लाल-पांढरं, पेढ्याएवढं?"

त्यांनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. या गेमसोबतचा पावलं मोजणारा पोकेवॉकर त्यालाच लटकत होता. "हे सासऱ्यांचं. रोज सकाळी उपवन तलावाला फेऱ्या मारायला जायचे, तेव्हा नातू हे त्यांच्या पट्ट्याला अडकवून द्यायचा. पावलं मोजतं म्हणायचा."

तेवढ्यात माझं एक नेहमीचं गिऱ्हाईक आत आलं. वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणारा, तिशी ओलांडलेला. त्याने पोकेवॉकर हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. "मी हा अख्खा गेम दोनदा खेळलोय. हे काय आहे?"

त्याने तो कॅसेटऐवजी मशीनमध्ये बसणाऱ्या आर-फोर कार्डावर खेळला होता. एका कार्डात वाट्टेल तेवढे गेम भरून मिळायचे. त्या कार्डात इन्फ्रारेड नाही, त्यामुळे पोकेवॉकर त्याच्याशी बोलूच शकत नाही. "माझा मधेच हँग व्हायचा," तो म्हणाला. होणारच, चोरीची प्रत ओळखून गेम थांबवायची सोय कंपनीने आतच घातली होती. मग मुलं दुरुस्त केलेली फाइल शोधायची.

मी पोकेवॉकरचं मागचं झाकण उघडलं. सेल फुटून पत्रीवर हिरवट थर चढला होता. कापसाच्या काडीला आयपीए, म्हणजे साफसफाईचं अल्कोहोल लावून हळूहळू तो काढला. पत्री पातळ असते, जोर लावला तर तुटते. मग नवा 2032 सेल बसवला. स्क्रीन उजळली आणि ठिपक्या-ठिपक्यांचा टोगेपी हा पोकेमॉन उभा राहिला. सेल मेला तरी आतल्या चिपमधली माहिती जात नाही, हे मला ठाऊक होतं. तरी माझे हात थरथरले.

डीएस चार्जिंगला लावून गेम सुरू केला आणि पोकेवॉकर कॅसेटच्या तोंडासमोर धरला. टोगेपी परत गेममध्ये आला. त्या शेवटच्या फेरीची पावलं स्क्रीनवर आली, काही हजार. वीस पावलांना एक वॅट या हिशेबाने वॅट, म्हणजे पोकेवॉकरचे गुणही जमा झाले. पोकेमॉनला एका फेरीत फार तर एक लेव्हल मिळते, तेवढी मिळाली. काकू खुर्चीवरून उठून स्क्रीनजवळ आल्या. "ही त्यांची पावलं?" मी हो म्हटलं.

हार्टगोल्ड आणि त्याच्या जोडीचा सोलसिल्व्हर 2009 मध्ये जपानमध्ये आले, 2010 मध्ये इतरत्र. 1999 च्या गोल्ड आणि सिल्व्हर या पोकेमॉन गेमचे हे रीमेक. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर दोघांचीही सरासरी शंभरपैकी 87. समीक्षकांनी तेव्हाच पोकेवॉकरचं आणि मागे-मागे चालणाऱ्या पोकेमॉनचं कौतुक केलं होतं. तक्रार होती ती जुनाच साचा तसाच ठेवल्याची. खप सुमारे 1 कोटी 27 लाख, म्हणजे मूळ जोडीच्या 2 कोटी 30 लाखांच्या निम्म्याहून थोडा जास्त. 2014 च्या ओमेगा रुबी, अल्फा सफायर या दुसऱ्या पोकेमॉन रीमेकला आयजीएन या गेमिंग साइटने दहापैकी 7.8 दिले आणि गेममध्ये पाणी फार असल्याचं लिहिलं, त्याची आजही चेष्टा होते. पण तो रीमेक यापेक्षा जास्त खपला. म्हणून मी गुणांवरून कॅसेटचा भाव ठरवत नाही.

त्या 1 कोटी 27 लाखांत हा वागळे इस्टेटवाला नाही. त्याच्या वर्गातली पोरंही नाहीत. आपल्याकडे हे गेम दुकानांत सहजी मिळायचे नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला नाहीतर परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मिळायचे. काकूंच्या घरी जहाजावरच्या दिराने आणला होता. खपाचा तो आकडा ठाण्यासाठी खोटा आहे, असं मला मनापासून वाटतं. इथे हा गेम खूप खेळला गेला आणि त्याची नोंद कुठेच नाही. आणि समीक्षकांनी ज्या गोष्टीला गुण दिले, तीच गोष्ट इथल्या बहुतेकांच्या हातात पडली नाही.

काकूंना मी बाजारभाव सांगितला. भंगाराच्या कितीतरी पट. त्यांनी मुलाला फोन लावला, स्पीकरवर. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आई, डीएस दे हवा तर. कॅसेट आणि वॉकर नको देऊस. मी शनिवारी येतो." मी डीएसही घेतला नाही. त्याच्याशिवाय वॉकर पुन्हा जोडायला दुसरं मशीन शोधावं लागलं असतं. सेलचे आणि साफसफाईचे पैसे घेतले, आणि सेल संपत आला की लगेच काढून ठेवा, असं बजावलं.

त्या गेल्यावर गिऱ्हाईकाने विचारलं, "आता हा नवा कुठे मिळेल?" कुठेच नाही. मूळ गोल्ड आणि सिल्व्हर 2017 मध्ये डीएसनंतरच्या थ्रीडीएस मशीनच्या ऑनलाइन दुकानात आले होते, ते दुकानही मार्च 2023 मध्ये विक्रीला बंद झालं. हार्टगोल्ड तर नंतरच्या कुठल्याच मशीनवर कंपनीने विकला नाही. एवढ्या लोकांना हवा असलेला गेम असा अडकवून ठेवणं मला अजिबात पटत नाही. त्याने माझ्या वहीत नाव आणि नंबर लिहिला, वॉकरसकट पूर्ण सेट आला तर कळवा म्हणून. त्याच्या वर त्याच गेमसाठी लिहिलेली आणखी बरीच नावं होती.