कॉपी सात मिनिटं उशिरा आली

आपत्तीचं वार्तांकन फळ्यावर शिकवता येत नाही. म्हणून पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला मी दर वर्षी एक अपघात घडवतो, कागदावर. जागा नवले पूल, कारण पुण्यात ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनचा तो उतार, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेला ट्रक, ऐनवेळी न लागणारे ब्रेक. 2022 च्या नोव्हेंबरात तिथे एका अवजड वाहनामुळे डझनावारी गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. त्याची कात्रणं आदल्या दिवशी वाचायला देतो.

सगळा खेळ चिठ्ठ्यांचा. ठरावीक वेळाने एकेक चिठ्ठी बाहेर येते आणि चिठ्ठ्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्या जुळू नयेत यासाठी मी बरीच मेहनत घेतलेली आहे. अग्निशमन दल म्हणतं तीन गेले, ससून म्हणतं दोन. खोटं कुणीच बोलत नाही. जवान डोळ्यांना दिसलं ते सांगतो. रुग्णालय मात्र डॉक्टरने तपासून मृत घोषित केलेल्यांचाच आकडा देतं, आणि तिसरा अजून ॲम्ब्युलन्समध्ये, वाहतूक कोंडीत अडकलेला असतो. आकडा कुणाचा ते लिहा, एवढंच मला हवं असतं. निम्मा वर्ग ‘दोन ते तीन ठार’ लिहून मोकळा होतो, जणू मेथीच्या जुड्याच.

यंदा त्यात एक बहीण घातली. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांच्या तालमींत मुरलेली एक सीनियर मुलगी तयार झाली. तिने शवागाराबाहेर बसायचं. भाऊ त्या गाडीत होता एवढंच तिला ठाऊक. तो गेलाय हे तिला माहीत नाही, वार्ताहरांना मात्र चौथ्या चिठ्ठीतून नाव कळलेलं. खासगी दुःखात घुसू नये, हे प्रेस कौन्सिलचं कलम सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं.

चौथी चिठ्ठी फुटल्याबरोबर पाच-सहा मोबाइल तिच्या तोंडासमोर. एकाने विचारलं, “तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?” वर्ग हसला, तोही हसला, पण रेकॉर्डिंग चालूच. हा प्रश्न कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. तो वाहिन्यांनी घरबसल्या फुकट शिकवलाय.

लातूरकडची एक मुलगी मागे उभी होती. एरवी वर्गात फारसं न बोलणारी. तिने फोन खिशात टाकला, बहिणीशेजारी बसली आणि म्हणाली, “ताई, तुमच्यासोबत कोण आलंय?” असा प्रश्न येईल असं आम्ही धरलंच नव्हतं. “कुणीच नाही,” नटीने आपल्या मनाने सांगितलं. मग ही उठून तडक ससूनच्या डॉक्टरकडे, म्हणजे खिडकीजवळच्या बाकावर बसलेल्या पोराकडे गेली. “नातेवाइकांना तुम्ही सांगायचं असतं, मी नाही. चला.” त्याच्या कागदावर हे नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काही बोललो नाही. शेवटी तो गेला आणि अडखळत का होईना, सांगितलं. त्यानंतर ही बराच वेळ बहिणीपाशीच बसून होती. इतरांच्या कॉपी, म्हणजे लिहून झालेल्या बातम्या, तोवर येऊ लागल्या होत्या.

कॉपीची वेळ बारा. हिची बारा वाजून सात मिनिटांनी आली. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: उशिरा आलेली कॉपी शून्य.

आणि कॉपी वर्गात सर्वांत चांगली होती. पहिल्याच वाक्यात, ‘अग्निशमन दलाच्या माहितीनुसार तिघांचा मृत्यू झाला असून ससून रुग्णालयाने दोघांना मृत घोषित केले आहे.’ मृताचं नाव होतं, कारण आता घरच्यांना कळलेलं होतं. बहिणीचा मात्र उल्लेखही नाही. एवढं जवळून पाहिलंस, मग लिहिलं का नाहीस, असं विचारलं. “सर, त्या माझ्याशी बातमीसाठी नव्हत्या बोलत.” कुठल्याही वृत्तसंपादकाने हे उत्तर ऐकून कपाळाला हात लावला असता. बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. तिने विचारलं असतं तर कदाचित ‘लिहा’ असं उत्तर मिळालंही असतं. पण तिने विचारलं नाही.

आमच्याकडे वाहिनीतून आलेले एक सहकारी आहेत. त्यांचा निकाल लगेच लागला: “गुणी आहे, पण फील्डवर चार दिवस टिकायची नाही.” हे गृहस्थ स्वतः फील्ड सोडून आमच्यात आलेत, असो.

गुणांच्या तक्त्यात चार रकाने आहेत: वेळ, अचूकता, मांडणी, भाषा. प्रत्येकी पाच गुण. तिने जे केलं ते यांपैकी कशात बसवायचं? शेवटी वेळेत शून्य आणि बाकी तिन्हींत पूर्ण, असे पंधरा दिले. वर्गात तेच सर्वाधिक ठरले.

‘कसं वाटतंय’वाल्या मुलाचा दुसऱ्याच दिवशी अर्ज आला. माझी कॉपी बारा वाजण्यापूर्वी दिली होती, मला अकरा. फळ्यावरच्या नियमाप्रमाणे तिला शून्य हवं होतं, तिला पंधरा कसे? सोबत फळ्याचा फोटो जोडलाय. अर्ज मात्र फर्मास लिहिलाय. काय घडलं, किती वाजता घडलं, कोण काय म्हणालं, सगळं स्रोतासह. अपघाताच्या कॉपीत हेच केलं असतं तर त्याला अचूकतेचे गुण गेले नसते. विभागप्रमुखांनी सोमवारपर्यंत माझा लेखी खुलासा मागवलाय.