माल सुटला, आता फाइल सांभाळा

आयातीची कागदपत्रं सांभाळणं हे माझं रोजचं काम. "माल गोदामात आला ना, मग आता ही बाडं कशाला?" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. कस्टम्सचे अवघड प्रश्न बहुतेकदा माल सुटल्यानंतरच येतात. म्हणून तर अमेरिकेत आयातीच्या नोंदी साधारण 5 वर्षं जपाव्या लागतात, कॅनडात 6, आणि युरोपीय संघात किमान 3. ही 3 वर्षंही माल सुटला त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजायची.

इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती) सगळेच ठेवतात. हरवलं तरी एजंटकडे प्रत सापडते. अडतं ते 'किंमत एवढीच का?' या प्रश्नापाशी. समजा, तुम्ही प्लास्टिकचे सुटे भाग मागवता आणि त्यांचा साचा पुरवठादाराला तुम्हीच फुकट दिलाय. जागतिक व्यापार संघटनेच्या सीमाशुल्क मूल्यांकन करारातल्या कलम 8 प्रमाणे त्या साच्याची किंमतही मालाच्या मूल्यात धरावी लागते. इन्व्हॉइसवर मात्र साच्याचा उल्लेखच नसतो. साचा ठरला खरेदीवाल्यांच्या मेलवर, त्याचं बिल गेलं अकाउंट्सकडे भांडवली खर्चात. ऑडिटर विचारतो तेव्हा मेल लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि त्याचा मेलबॉक्सही बंद झालेला. म्हणून साच्याचं बिल, ती रक्कम किती नगांवर वाटली त्याचा तक्ता, पुरवठादाराशी झालेला मेलव्यवहार आणि परदेशी पैसे पाठवल्याची बँकेची स्विफ्ट कॉपी हे सगळं मी त्या शिपमेंटच्या फाइललाच जोडते. मेलबॉक्सच्या भरवशावर काहीच ठेवत नाही.

एचएस कोडचंही, म्हणजे मालाच्या जागतिक वर्गीकरणातल्या क्रमांकाचंही, तसंच. 2022 मध्ये या वर्गीकरणाची नवी आवृत्ती लागू झाली, पुढची 2028 मध्ये येते आहे. जुन्या मालाचा हिशोब मात्र आयातीच्या वेळच्या आवृत्तीनेच होतो. तेव्हा नुसता कोड लिहून भागत नाही. तो का निवडला, याचं अर्ध्या पानाचं टिपण आणि कॅटलॉगचं संबंधित पान सोबत हवंच. हे टिपण त्याच आठवड्यात लिहावं, नंतर कारणं नीट आठवत नाहीत.

आणि थर्मल कागदावरच्या पावत्या! कपाटात पडल्या पडल्या त्या पुसट होतात. त्या आल्या दिवशीच स्कॅन करा, आणि फाइलच्या नावात कस्टम्सचा एन्ट्री नंबर (त्या आयातीचा नोंद क्रमांक) टाका. पुरवठादाराच्या नावाने ठेवलेले स्कॅन ऐन वेळी सापडत नाहीत.