पाऊणकीचा समुद्र

दुपारचे चार वाजले होते. काळ्या कातळावर पाय ठेववत नव्हता आणि आम्ही चौघं कोकणातल्या हेदवीच्या बामणघळीच्या तोंडाशी उभे होतो. घळीत पाणी नव्हतं. खूप खाली, तळाशी कुठेतरी चुबुक चुबुक वाजत होतं, तेवढंच. पुण्याहून निघाल्यापासून मी मुलांना सांगत आले होते की तिथे दगडाच्या चिरेतून समुद्र आत घुसतो आणि पाण्याचा उंच फवारा उडतो. चार वर्षांच्या धाकट्यानं वाकून पाहिलं आणि विचारलं, "आई, नळ बंद आहे का?" थोरलीनं काहीच विचारलं नाही. तिचे गाल उन्हानं लाल झाले होते आणि ती गप्प होती, हे मला जास्त लागलं.

पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असे आलो होतो. घाटात दोघांनाही ओकाऱ्या झाल्या, त्यापलीकडे त्या प्रवासातलं मला काही आठवत नाही. मुक्काम वेळणेश्वरला, नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एका घरात. मुलं लहान असताना मला हॉटेलपेक्षा असं घरच बरं वाटतं. रात्री नऊला एखादं पोर जेवायचं नाही म्हणून बसलं तर मऊ भात, मेतकूट आणि तूप कुणाला वेगळं सांगावं लागत नाही, आपोआप ताटलीत येतं. पंखा होता, एसी नव्हता. मे महिन्यातल्या त्या दमट उकाड्यात पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. मुलं मात्र फरशीवर पालथी पडून गाढ झोपली.

बामणघळीहून परतलो तेव्हा घरातल्या आजी पडवीत रातांबे फोडत बसल्या होत्या. एका पातेल्यात साली, एकात गर आणि बिया. अंगणात आधीची आमसुलं वाळत होती. रोज रसात बुडवून पुट द्यायचं आणि पुन्हा उन्हात घालायचं. थोरली न विचारता त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि पाच मिनिटांत कोपरापर्यंत लाल झाली.

"बघितलीत का घळ?" आजींनी विचारलं.

"पाणीच नव्हतं आजी."

"कधी गेलेलात?"

"चारला."

आजींनी हातातला रातांबा खाली ठेवला. "आज तिथी काय?"

मला माहीत नव्हती. नवऱ्यालाही नव्हती. दोघांनीही एकदमच खिशातल्या फोनकडे हात नेला.

"त्रयोदशी. परवा बुद्धपौर्णिमा," आजीच म्हणाल्या. "तेराची पाऊणकी किती गो?" हा प्रश्न त्यांनी माझ्या सात वर्षांच्या मुलीला विचारला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी नवऱ्याकडे.

"पावणेदहा. पावणेदहाला भरती भरली, चारला पार उतरली. तुम्ही नेमक्या सुकतीला गेलात. मग घळीत पाणी येईल कुठून?"

आणि मग त्यांनी म्हणून दाखवली. मी डोळे मिटले तरी तो आवाज अजून ऐकू येतो, रातांबे फोडण्याच्या लयीत येणारा: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा, पावणेसात, साडेसात, सव्वाआठ, नऊ, पावणेदहा, साडेदहा, सव्वाअकरा. पंधरा तिथी, पंधरा वेळा. तिथीची पाऊणपट करायची की भरती किती वाजता भरणार ते कळतं, सकाळी आणि पुन्हा रात्री. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. पंधरावीस मिनिटं इकडेतिकडे होतात. भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते, कारण ती चंद्राबरोबर चालते आणि चंद्रही रोज तेवढाच उशीर करतो. सगळं गणित एवढंच.

माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे, सगळं पाठ होतं. आम्ही ते म्हाताऱ्यांचं वेड समजत होतो. त्या प्रत्येक आकड्याला समुद्रात एक जागा आहे हे मला चाळिशीत, कुणाच्या तरी पडवीत बसून कळलं.

थोरली इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. तिला 'नाइन फॉर्टी-फाइव्ह' कळतं, पावणेदहा कळत नाही. दीड म्हणजे किती, हे तिनं मला कानात विचारलं. मला वाईट वाटलं, कारण हा दोष शाळेचा नव्हता. घरी आम्हीच तिच्याशी घड्याळ इंग्रजीत बोलतो.

"आणि सकाळी पोरांना पाण्यात कधी नेलेलीस?" आजींचा पुढचा प्रश्न आला.

अकराला. हे सांगताना माझा आवाज खाली गेला. कारण सकाळी एक गोष्ट घडली होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. पाणी धाकट्याच्या घोट्याएवढंच होतं. लाट परत फिरली तेव्हा त्याच्या पायाखालची वाळू सरकली, तो बसला आणि बसल्या बसल्या दोन-तीन हात आत गेला. मी धावून त्याला दंडाला धरून उचललं. तो हसत होता. माझे पाय मात्र घरी येईपर्यंत थरथरत होते. पावणेदहाला भरलेलं पाणी अकराला उतरत होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

"भरतीचं पाणी बाहेर टाकतं गो, ओहोटीचं आत नेतं," आजी म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी. साडेदहा. दहा वाजताच आम्ही सुरुच्या काटक्या घेऊन वाळूत गेलो आणि लाट जिथवर येईल तिथे एकेक काटकी रोवत राहिलो. ऊन चांगलंच चढलं होतं, पण मुलांना टोप्यांची आठवणही करून द्यावी लागली नाही. दहा वाजून चाळीस मिनिटांनी शेवटची काटकी रोवली. त्यानंतर एकही लाट तिच्यापर्यंत आली नाही. थोरली घराकडे पळत सुटली, आजींना सांगायला.

संध्याकाळी किनारा मैदानासारखा रुंद झाला होता. ओल्या वाळूवर वाटाण्यापेक्षा लहान खेकड्यांनी रांगोळ्या घातल्या होत्या. हे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्यांच्या ओळी, किरणांसारख्या. पुढच्या भरतीला सगळं पुसतं आणि ते पुन्हा मांडतात. दोन्ही मुलं पोटावर झोपून पाहत होती. हललं की खेकडा आत जातो, म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होती. माझ्या मुलांना सलग वीस मिनिटं इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात एक मोठी गाडी त्या वाळूवर आली. गाणी लावलेली, खिडकीतून एक जण फोन धरून बाहेर लोंबकळत होता. त्यांनी गोल चकरा मारल्या, अगदी मुलांच्या जवळून. मी ओरडले. त्यांनी हात हलवून दाखवला. रांगोळ्यांवरून चाकांचे दोन रुंद पट्टे गेले आणि धाकटा उठून रडायला लागला, "त्यांच्या घरावरून गाडी गेली." मला अजूनही राग येतो. समुद्रकिनारा म्हणजे रिकामी जागा, असं लोकांना का वाटतं? तिथे पोरं खेळतात, तिथे कुणी राहतं, तिथे रोज दोनदा पाणी येतं. गाडी पाण्याजवळ रुतली. पाणी वर यायला लागलं होतं, साडेसहाला चाकं भिजली. मग गावातल्याच माणसांनी हातातली कामं टाकून दोर लावून ती ओढून काढली. गाडीवाले आभार मानून निघून गेले. पट्टे तसेच राहिले, रात्रीच्या भरतीपर्यंत.

पौर्णिमेनंतरचा एक अख्खा दिवस गणपतीपुळ्याला गेला. तवसाळ ते जयगड फेरीबोट मुलांना फार आवडली, बाकी गर्दी.

पौर्णिमेला आम्ही पावणेअकरालाच हेदवीला पोचलो. उमामहेश्वराच्या देवळावरून कातळावर आलो आणि दूरूनच आवाज ऐकू आला, बंद खोलीत कुणी दार आपटावं तसा. उधाणाची भरती होती. लाट चिरेत शिरायची, क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग आतून धडाका आणि पांढरा फवारा सरळ वर. धाकट्यानं दोन्ही कान झाकले, पण डोळे उघडे ठेवले. मी त्याचा दंड घट्ट धरला होता, शेवाळलेल्या कडेपासून चार हात मागे. अनोळखी दोन मुलं कडेवर उभी राहून फोटो काढत होती. त्यांना मी मागे बोलावलं. आली, नाखुशीनं का होईना.

थोरली घड्याळात बघत होती. अकरा वाजून दहा. सव्वा. वीस. सर्वांत मोठा फवारा सव्वाअकराच्या जरासा आधी उडाला आणि आम्ही सगळे डोक्यापासून भिजलो. ओठ खारट झाले. धाकटा "परत, परत" म्हणत राहिला आणि समुद्र त्याचं ऐकत राहिला.

पावणेबाराला फवारे ठेंगणे झाले होते. थोरलीनं माझा हात ओढला.

"आई, आता उतरायला लागलं. चला, इथे थांबायचं नाही."